कुत्रा सगळ्यांचा, सही कोणाची?

"तुमचं मन घट्ट आहे हो बाई, म्हणून तुम्हाला जमतं. मला नाही बघवत."

हे वाक्य यापुढे जो कोणी माझ्यासमोर उच्चारील त्याला मी बाकावर उभं करणार आहे. वय, हुद्दा, गुडघेदुखी, काही ऐकून घेणार नाही. एकतीस वर्षं मी या टेकडीवरच्या शाळेत भूगोल शिकवला. अर्ध्या टेकडीला मी अंगठे धरून उभं केलेलं आहे आणि उरलेल्या अर्ध्या टेकडीने त्या अर्ध्या टेकडीशी लग्न केलेलं आहे. तेव्हा दरारा अजून शिल्लक आहे.

निवृत्त झाल्यावर मी कुत्र्यांच्या निवाऱ्यात दाराशी बसायला लागले. आठ वर्षं झाली. काम सोपं आहे. लोक कुत्रा घेऊन येतात. घर बदलतोय, बाळ झालंय, नवऱ्याला शिंका येतात, कुत्रा म्हातारा झाला, कुत्रा मोठा झाला (पिल्लू मोठं होतं हे त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं म्हणे). मग रडतात. अगदी हुंदके देऊन. दोरी माझ्या हातात देतात, नाक पुसतात, वरचं वाक्य म्हणतात आणि घरी जाऊन संध्याकाळच्या चहाबरोबर पावावर अवोकाडो थापून खातात. कुत्रा दाराकडे बघत बसतो. कोणी चार दिवस, कोणी पंधरा. ते बघायला माझं घट्ट मन आहेच. एखाद्याला शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ आली की मालक बाहेर व्हरांड्यात, कारण मालकांना बघवत नाही. डोकं मांडीवर घ्यायला बाई. कुत्रा शेवटपर्यंत मान वळवून दार बघतो आणि मी त्याच्या कानामागे खाजवत मनातल्या मनात मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. एवढंच काय ते माझं घट्ट मन.

असो. सुरुवातीलाच रक्तदाब वाढवून घेण्यात अर्थ नाही. तो पुढे वाढायचाच आहे.

तर निवाऱ्यात माझा एक नियम आहे. मी कुत्र्यांना नाव ठेवत नाही. हजेरी क्रमांक देते. एकदा नाव ठेवलं की तो आपला होतो, एक आपला झाला की बाकीचे ब्याऐंशी काय परके, असा प्रश्न पडतो, आणि त्या प्रश्नाला उत्तर नाही. माणसांना मात्र मी पोटभर नावं ठेवते. कुठेतरी हौस भागायला हवी ना.

जुलै महिना होता. आमच्या बंदरावर जुलैत ऐन हिवाळा. समुद्रावरून वारा सुटतो आणि टेकडीवरच्या लोकांना एकदम साक्षात्कार होतो, की रस्त्यावरच्या कुत्र्यांना थंडी वाजते. मग ज्याला त्याला जुनी लोकर सापडते. आमच्या जिन्यावर असा एक कुत्रा आहे. जिना म्हणजे टेकडीचा, एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्यांचा, कारण गाडीरस्ता वर येतच नाही. कुत्रा कोणाचा? सगळ्यांचा. चिलीत कुठल्याही गल्लीत विचारा, हेच उत्तर मिळेल. सकाळी तो जिन्याच्या पायथ्याशी नोल्बेर्तो मासेवाल्याकडे माशांची डोकी खातो. तिथून उबेर्लिंदाच्या बेकरीत ताजा पाव. मग बालवाडीत यास्ना मावशीकडे दूधभात, आणि शेवटी वस्ती समितीचे अध्यक्ष एव्हारिस्तोसाहेब यांच्याकडे कालचं मटण. चारही घरांची ठाम समजूत, की बिचारा सकाळपासून उपाशी आहे. वजन तीस किलो.

त्या सोमवारी मी खाली उतरत होते तर हा साठाव्या पायरीवर बसलेला. मला बघून उठला आणि उजवा पुढचा पाय उचलून धरला. खाली टेकवेचना. मी म्हटलं, "काय झालं रे?" त्याने जीभ बाहेर काढून माझ्याकडे असं बघितलं, की बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा. मी त्याला कसंबसं खाली आणून टॅक्सीत कोंबलं.

टॅक्सीवाला म्हणाला, "कुत्र्याला घेत नाही."

मी म्हटलं, "पाय दुखतोय त्याचा."

"पाय दुखतोय? मग मातिकोचा पाला वाटून बांधा. माझ्या सासूचा पाय असाच बरा झाला."

"सासूला टॅक्सीत घेतलं होतंस का?"

तो गाडी सुरू करून आम्हाला निवाऱ्यात सोडून गेला.

निवाऱ्यात डॉक्टर पास्काल होती. ही पोरगी सकाळी पालिकेच्या प्राण्यांच्या दवाखान्यात नोकरी करते आणि दुपारी आमच्याकडे फुकट राबते. तिने कुत्र्याला टेबलावर घेतलं आणि म्हणाली, "बाई, आधी याचे कपडे काढा."

मी काढायला लागले. वर निळं जाकीट, कोळ्याच्या जुन्या जर्सीतून कापलेलं, मासळीचा घमघमाट. म्हणजे नोल्बेर्तो. त्याच्या खाली गुलाबी विणलेला स्वेटर, टाक्याटाक्यात पीठ. उबेर्लिंदा. त्याच्या खाली आमच्या बंदराच्या फुटबॉल संघाचा हिरवा शर्ट, पाठीवर दहा आकडा. एव्हारिस्तोसाहेब. त्याच्या खाली बालवाडीचा पिवळा डगला, खिशात अर्धं बिस्कीट. सगळ्यांत खाली राखाडी लोकरीचं एक होतं, पावसात भिजून भिजून आटलेलं, अंगाला घट्ट चिकटलेलं. ते कात्रीने कापावं लागलं.

आणि त्याच्या खाली, बगलेत, लिंबाएवढी गाठ. कातडी फुटून चिघळलेली.

पास्कालने दिवा जवळ ओढला. मी उभी राहून ते पाच कपडे बघत होते, आणि खरं सांगते, मला भयंकर संताप आला. प्रत्येकाने आपल्या मायेचा एकेक थर त्याच्यावर चढवला होता. आदल्याने घातलेलं काढून आत बघावं असं एकालाही वाटलं नाही. वरून जाकीट घातलं, डोक्यावर हात फिरवला, झालं यांचं पुण्य! आणि आत तो सडत होता. शेपूट हलवत, चार ठिकाणी न्याहारी करत सडत होता.

ते राखाडी कोणाचं, हे मी तेव्हा बोलले नाही.

पास्काल म्हणाली, "शुक्रवारी साडेदहाला मी पालिकेत ऑपरेशन लावते. त्याच्यापुढे थांबता येणार नाही. पण नोंदणीचा कागद हवा, बाई. कुत्रा कोणाच्या तरी नावावर पाहिजे."

"निवाऱ्याच्या नावावर घाल."

"निवाऱ्याची रांग वेगळी आहे. ऑक्टोबर उजाडेल."

"मग समितीच्या नावावर. वस्तीचा कुत्रा म्हणून."

"चालेल. पण त्यातही जबाबदार माणूस म्हणून एकाची सही लागते." असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. माझा नियम तिला माहीत होता.

मी म्हटलं, "अख्खी टेकडी जीव टाकते त्याच्यावर. सह्यांना काय तोटा!"

या वाक्याची आठवण झाली की मला अजून माझी कीव येते.

मंगळवारी सकाळी जिन्यावर चार पत्रकं लागली होती. 'अल्मिरांते हरवला आहे. निळं जाकीट. मासे आवडतात.' हे नोल्बेर्तोचं. बोटी बघत बसतो म्हणून त्याने कुत्र्याला आरमारप्रमुख केलं होतं. 'मिगास हरवली आहे. गुलाबी स्वेटर.' मिगास म्हणजे पावाचा चुरा; उबेर्लिंदाने अकरा वर्षांत कधी वाकून बघितलं नव्हतं, त्यामुळे तिच्या हिशेबी ती कुत्री होती. 'सेनादोर, हिरवा शर्ट', हे एव्हारिस्तोसाहेबांचं, वर समितीचा शिक्का. आणि 'आमची पेलूसा', म्हणजे कापसाचा पुंजका, हे बालवाडीचं, मुलांनी रंगवलेलं, त्यात कुत्र्याला पाच पाय.

चार पत्रकं, चार नावं, चार रंग. टेकडीवर हाहाकार. एका रात्रीत चार कुत्री चोरीला गेली! कोणी म्हणालं टोळी आहे. कोणी म्हणालं परदेशी बोटीवर चढवतात. कोणीतरी एका करड्या कोटातल्या बाईला टॅक्सीत पोतं कोंबताना बघितलं होतं. समितीने तातडीने ठराव करून पोलिसांत तक्रार दिली. एरवी याच समितीला पायऱ्यांवरचा दिवा बदलायला अडीच वर्षं लागतात, ही गोष्ट मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवते.

दुपारी हवालदार इनोस्त्रोसा निवाऱ्यात हजर. वही उघडली. "चार कुत्री आहेत म्हणे तुमच्याकडे."

"त्र्याऐंशी आहेत," मी म्हटलं. "कुठली चार हवीत?"

"थट्टा नको, बाई. आरमारप्रमुख, पावाचा चुरा, सेनेटर आणि कापसाचा पुंजका."

मी त्याला आत नेऊन कुत्रा दाखवला.

"बाकीचे तीन?"

"हाच."

"हा कितवा?"

"अरे बाबा, चारही हाच!" मी पाचही कपडे टेबलावर मांडले आणि एकेक दाखवून समजावलं. सातवीच्या वर्गाला भरती-ओहोटी समजावताना लागायचा तेवढा वेळ लागला. शेवटी त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्याने बोटाने कपडे मोजले, वहीत बघितलं, पुन्हा मोजले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तक्रारी चार आहेत. कपडे पाच. म्हणजे अजून एक कुत्रा गायब आहे आणि त्याच्या मालकाला पत्ताच नाही."

मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. त्याने 'पाचवा कुत्रा: राखाडी, तपास चालू' अशी नोंद केली. एकतीस वर्षं आदर्श शिक्षिका म्हणून काढलेल्या बाईचं नाव पोलिसांच्या वहीत पाच कुत्र्यांची संशयित चोर म्हणून चढलं. हे मी कोणाला सांगायचं?

बुधवारी संध्याकाळी समितीच्या खोलीत सभा. मी कागद घेऊन गेले. गाठीचं सांगितलं, शुक्रवारचं सांगितलं, एक सही पाहिजे म्हणून सांगितलं. सगळे हळहळले. उबेर्लिंदा तर पदराने, म्हणजे बेकरीच्या ॲप्रनने, डोळे टिपायला लागली.

एव्हारिस्तोसाहेब खाकरले. पूर्वी ते आरमाराच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे अजून प्रत्येक वाक्य मसुदा वाचल्यासारखं बोलतात. "अर्ज मी पाहिला. पहिला रकाना नावाचा आहे. तेव्हा प्रथम नाव."

"अल्मिरांते," नोल्बेर्तो म्हणाला. "त्यात चर्चा कसली?"

"काहीतरीच!" उबेर्लिंदा. "मिगास नावाला ती ओ देते."

"पाव दाखवल्यावर तू त्याला सासूबाई म्हटलंस तरी ओ देईल. आणि तो नर आहे, उबेर्लिंदा!"

"तू जन्माला घातलास का रे, मोठा नर सांगणारा?"

यास्ना मावशी म्हणाल्या, मुलांना पेलूसाची सवय झालीय, नाव बदललं तर मुलांच्या मनावर परिणाम होईल. एव्हारिस्तोसाहेब म्हणाले, सेनादोर या नावाला एक प्रतिष्ठा आहे. नोल्बेर्तो म्हणाला, कुत्र्याचीच प्रतिष्ठा जाईल त्याने. हे दोन तास चाललं. दोन तास! शेवटी चारही नावांची पहिली अक्षरं घेऊन 'अल्मिसेपे' असं नाव एकमताने मंजूर झालं. खोकल्याच्या औषधाला शोभेल असं नाव. टाळ्याही वाजल्या.

मी म्हटलं, "छान. आता सही."

आणि खोली रिकामी झाली. माणसं होती जागच्या जागी, पण प्रत्येकजण मनाने घरी पोचला होता.

एव्हारिस्तोसाहेबांना पदावर असताना व्यक्तिशः सही करता येत नव्हती. यास्ना मावशींना बालवाडीच्या संचालकांना विचारावं लागणार होतं आणि संचालक सुट्टीवर. उबेर्लिंदा म्हणाली, तिच्या नवऱ्याने मरताना तिच्याकडून शब्द घेतला होता, की कशावरही सही करू नकोस. आणि नोल्बेर्तो, पन्नाशीचा बाप्या, दाराएवढा उंच, टोपी हातात चुरगळत म्हणाला, "मी केली असती, बाई. पण सही केली तर ऑपरेशनला मलाच जावं लागेल. समजा काही वाईट झालं तर? मला नाही बघवत. तुमचं मन..."

"खबरदार!" मी टेबलावर हात आपटला. चहाचे कप उडाले. "पुढचा शब्द काढलास तर याद राख! मन घट्ट आहे माझं? आठ वर्षं तुमच्यासारख्यांची कुत्री माझ्या मांडीवर मेली, नोल्बेर्तो. माझी नव्हती ती. तुमची होती! तुम्हाला बघवत नाही म्हणून मी बघितलं. घरी जाऊन भांडी घासत रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी बसले, कारण तुमच्यातलाच कोणीतरी नाक पुसत उभा असतो. नाव ठेवायला दोन तास भांडता. चार जाकिटं चढवता. अरे, एकाने तरी आतलं काढून बघायचं होतं! एकाने! त्याच्या बगलेत..."

"पाच होती ना?" उबेर्लिंदा म्हणाली.

"काय पाच?"

"जाकिटं. हवालदार म्हणत होता पाच होती. पाचवं राखाडी, सगळ्यांत आतलं. आधी घातलेलं ना ते?" तिने माझ्याकडे बघितलं. ही बाई पीठ मळता मळता सगळ्या टेकडीची खबर ठेवते. "शाळेचं होतं, हो ना? शिक्षकांना मिळायचं ते. खिशावर शाळेचं चिन्ह असलेलं."

मी टेबलावरचा हात काढून घेतला.

मागच्या वर्षीच्या जूनमध्ये, एका पावसाच्या संध्याकाळी, मी माझं शाळेचं जुनं स्वेटर त्याच्या अंगात घातलं होतं. बाह्या कापून, नीट टाके मारून. वर्षभर मी त्याला रोज जिन्यावर बघत होते. स्वेटर आटत चाललंय हेही बघत होते. मनात म्हणायचे, कोणीतरी काढेल. आणि मी कोण, तर आठ वर्षं कुत्र्यांमध्ये काढलेली बाई, जिला एका नजरेत कळायला हवं होतं. माझ्याच लोकरीखाली ती गाठ वाढली.

"हो," मी म्हटलं. "माझं आहे."

कोणीतरी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. यास्ना मावशींनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, आणि त्या दयेचा मला इतका राग आला की मी पाणी न पिता कागद उचलून चालती झाले.

गुरुवारी पालिका. खिडकीवर कुस्तोदियो, माझा जुना विद्यार्थी. नकाशात सगळ्या नद्या डोंगर चढवून वर न्यायचा, म्हणजे पालिकेत लागणार हे तेव्हाच ठरलं होतं. त्याने अर्ज वाचला.

"अल्मिसेपे? हे कुत्र्याचं नाव आहे?"

"समितीचा ठराव आहे."

"बरं. जबाबदार व्यक्ती?"

"मी."

"म्हणजे तुम्ही आणून दिलात की तुमचा आहे? दोन वेगळे रकाने आहेत, बाई. आणून दिला असेल तर शुक्रवारची वेळ मिळत नाही. तुमचा असेल तर तोंडी सांगावं लागतं. नियमच आहे. 'हे जनावर माझं आहे,' एवढं म्हणा, की मी शिक्का मारतो."

एवढंच वाक्य. चार शब्द. आदल्या संध्याकाळी मी चार मोठ्या माणसांना याच शब्दांवरून झोडपून काढलं होतं. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. मागे रांग वाढत होती, कोणीतरी घड्याळाकडे बघून चुकचुकलं. मी उभी, घामाघूम, फळ्यासमोर पाढा विसरलेल्या पोरीसारखी. आठ वर्षं हा शब्द मी एकाही कुत्र्याबद्दल उच्चारला नव्हता. तो न उच्चारण्यावरच तर मी तगले होते. आणि मला स्वच्छ कळलं, की नोल्बेर्तो आणि मी एकाच वर्गातले. त्याला बघवत नाही आणि मला म्हणवत नाही. तो निदान कबूल तरी करतो.

"घसा बसलाय का, बाई?" कुस्तोदियोने विचारलं.

मी मान हलवली.

त्याने इकडेतिकडे बघितलं. "ती मान मी 'हो' म्हणून धरतो," तो हळूच म्हणाला आणि शिक्का मारला. नापास करायला हवं होतं त्याला मी, पण त्या वर्षी मी सगळ्यांनाच वरच्या वर्गात ढकललं होतं. बरंच झालं म्हणायचं.

मी सही केली.

शुक्रवारी साडेदहाला दवाखान्याच्या बाकावर मी एकटी बसेन असं मला वाटलं होतं. दहा वाजता नोल्बेर्तो आला, रविवारचा कोट घालून, मासळीच्या वासासकट. मग उबेर्लिंदा, गरम पावांची पिशवी घेऊन. यास्ना मावशी. एव्हारिस्तोसाहेब फाईल घेऊन. मी बाकावर सरकून जागा तेवढी दिली.

अकराला पास्काल बाहेर आली. तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"गाठ हाडात शिरलीय. पाय वाचत नाही. खांद्यापासून काढावा लागेल. वय झालंय, वजन जास्त आहे, आणि तुमच्याकडे त्या पायऱ्या. निभावेल की नाही, सांगता येत नाही. नाहीतर..." ती थांबली. "भूल दिलेलीच आहे. त्याला काही कळणार नाही. मालकाने सांगायचं, बाई. पाच मिनिटांत सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच जमिनीकडे. नोल्बेर्तोचे ओठ हलले. मी बोट वर केलं, ओठ मिटले.

या जागी मी शेकडो माणसांना बघितलं आहे. मी त्यांना म्हणायचे, "कुत्र्याचा विचार करा, स्वतःचा नको." फार शहाणं वाक्य आहे. दुसऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलताना तर अगदी बिनतोड. मी आत गेले. तो टेबलावर आडवा पडला होता. अंगावर काही नव्हतं, आणि एकही कपडा नसलेला तो मला कितीतरी लहान वाटला. मी त्याचा विचार करायचा खूप प्रयत्न केला. पायऱ्या, वय, वजन, वेदना. काहीही सुचेना. मला तो हवा होता. तेवढं एकच डोक्यात होतं. त्याच्यासाठी काय बरं, हे सगळं नंतर सुचलं. आधी मला तो हवा होता, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"काढ," मी म्हटलं. "पाय काढ. आणि जागा कर त्याला."

"बाहेर थांबता?"

"इथेच थांबते."

मागून कोणीतरी आत आलं. नोल्बेर्तो. पांढराफटक पडलेला, भिंतीला धरून उभा. "मी पण," तो म्हणाला आणि पाचव्या मिनिटाला धाडकन चक्कर येऊन पडला. पडताना औषधांचा ट्रे पाडला. पास्कालने आधी कुत्र्याला टाके घातले, मग नोल्बेर्तोच्या कपाळाला दोन.

तर असं आहे सगळं. आज सप्टेंबर चालू आहे. कुत्रा जिवंत आहे. तीन पायांवर उत्तम धावतो, सपाटीवर. उतरतोही. चढता येत नाही. आणि त्याची न्याहारी एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्यांवर चार ठिकाणी विखुरलेली. उपाशी ठेवा, घरी डांबा, एकाच ठिकाणी खायला द्या, असे सल्ले जिन्यावरच्या प्रत्येक घराने दिले. त्याने एकही ऐकला नाही. पायथ्याशी बसून असा गळा काढतो, की बोटींवरचे खलाशी वर बघतात. तेव्हा समितीने वेळापत्रक केलं आहे, शिक्क्यासकट. सोमवार नोल्बेर्तो, मंगळवार मी, बुधवार एव्हारिस्तोसाहेब, याप्रमाणे त्याला उचलून वर न्यायचं. आता बगलेत हात घालूनच उचलावं लागतं, त्यामुळे रोज कोणाचा ना कोणाचा हात जखमेच्या जागेवरून फिरतो. त्याच्या अंगात कपडा नाही. मी बंदी घातली आहे. लोक मला निर्दय म्हणतात. म्हणू देत.

काल मंगळवार. अडुसष्ट वर्षांची मी, अठ्ठावीस किलोचा तो (पास्कालने दोन किलो उतरवलं, उबेर्लिंदा ते परत चढवते आहे). शहाण्णवाव्या पायरीवर माझा श्वास संपला. मी त्याच्यासकट खाली बसले आणि त्याला, टेकडीला, पालिकेला आणि ज्याने हा जिना बांधला त्याला येतील तेवढ्या शिव्या मोजून दिल्या. तो माझा चष्मा चाटत होता.

वरच्या भाड्याच्या घरात नवीन राहायला आलेली एक बाई खाली उतरत होती. थांबली. "अगं बाई, तीनच पाय! कोणाचा हो हा?"

मला दम लागला होता. मी तोंड उघडेपर्यंत खालून नोल्बेर्तो ओरडला, "माझा!"

"तुझा कुठला रे?" बेकरीच्या खिडकीतून उबेर्लिंदा. "माझी आहे ती!"

बालवाडीच्या कुंपणावरून पंधरावीस पोरं किंचाळली, "आमची!" आणि वरच्या सज्जात एव्हारिस्तोसाहेब उभे राहून खाकरले, म्हणजे आता मसुदा येणार.

काय माणसं आहेत! लाजा वाटत नाहीत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुत्र्याला घट्ट धरून उभी राहिले आणि सगळ्या टेकडीला ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गातल्या आवाजात, ओरडले, "गप्प बसा सगळे! माझा आहे तो! माझा! सही माझी आहे!"